पसंतीक्रमाचं मत: अर्ज १८ पासून कोट्यापर्यंत

आमदारकीच्या टर्मवर मर्यादा घालावी का, 'ज्याला जास्त मतं तो निवडून' ही पद्धत बदलावी का, असे वाद रंगले की पसंतीक्रमाच्या मतदानाचा, म्हणजे उमेदवारांना १, २, ३ असा क्रम देण्याच्या पद्धतीचा विषय हमखास निघतो. तोही ही परदेशातून आणायची वस्तू आहे अशा थाटात. प्रत्यक्षात महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी राज्यपालनियुक्त १२ सोडल्या तर बाकी सगळ्या याच पद्धतीने भरतात. मुदत सहा वर्षांची, आणि एकाच माणसाने कितीदा निवडून यावं याला मर्यादा नाही. सामान्य माणसाला थेट मत आहे ते ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघांत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

विधानसभेच्या मतदार यादीत नाव आहे म्हणून इथे मत मिळत नाही. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, जुनी रद्द होते. 'मागच्या वेळी केलं होतं मतदान' म्हणत निर्धास्त राहिलेल्यांची नावं इथेच गळतात. पदवीधरांसाठी अर्ज क्रमांक १८, शिक्षकांसाठी १९. अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता ज्या तारखेला बघतात ती, १ नोव्हेंबर. त्याच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी, आणि ही तीन वर्षं पदवीदान समारंभापासून नाही, निकाल लागल्याच्या तारखेपासून मोजतात. शिक्षकाने आधीच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर शिकवलेलं असावं. राहणं मात्र त्याच मतदारसंघात हवं. पदवी कुठल्या विद्यापीठाची, हा प्रश्न नसतो. ती भारतातल्या विद्यापीठाची किंवा समकक्ष असली की झालं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर प्रमाणपत्रावरचं नाव आणि अर्जावरचं नाव जोडणारा पुरावा सोबत लावा, नाहीतर अर्ज अडकतो. कार्यकर्त्याने गठ्ठ्याने नेलेले अर्ज घेत नाहीत. घरातल्यांचे अर्ज एकत्र नेलेले चालतात.

आता मतपत्रिका. इथे यंत्र नाही, कागद आहे. त्यावर उमेदवारांची नावं असतात, पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे नाव पाठ करून जा. मतदान अधिकारी जांभळ्या शाईचा स्केच पेन देतो, त्यानेच लिहायचं. खिशातलं स्वतःचं पेन काढलं की मत बाद. पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे १ लिहा, मग हवं तर २, ३, आणि पुढे. आकडा इंग्रजी पद्धतीचा, रोमन किंवा देवनागरी, काहीही चालेल. 'एक' असं अक्षरात लिहिलेलं चालत नाही. बरोबरची खूण, फुली, सही, अंगठा, 'धन्यवाद', काहीच नको. दर निवडणुकीत बाद मतांचा ढीग पडतो, आणि तोही पदवीधरांचा.

चुका सगळ्या सारख्या महाग नसतात. १ लिहिलाच नाही, दोघांपुढे १ लिहिला, किंवा एकाच नावापुढे १ आणि २ दोन्ही लिहिले, तर मतपत्रिका पूर्ण बाद. १ एकदाच लिहून २ मात्र दोघांपुढे लिहिला, तर पहिलं मत जिवंत राहतं, पण ते पुढे जात नाही. १, २ आणि थेट ४ लिहिलं तर २ पर्यंतच चालतं.

प्रचारात 'फक्त एक नंबर द्या, दुसरा देऊ नका' असं सांगणारे भेटतात. त्यात उमेदवाराचं हित असेल, तुमचं नाही. एका जागेच्या निवडणुकीत तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत असेपर्यंत दुसऱ्या पसंतीकडे कोणी बघतही नाही, त्यामुळे ती लिहिल्याने त्याचं नुकसान होत नाही.

हे कागदावर करून पाहा. वैध मतं १०००, जागा एक. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, निम्मे अधिक एक, ५०१. पहिल्या पसंतीत अ ४३०, ब ३४०, क १५०, ड ८०. कोटा कोणाकडेच नाही, म्हणून तळाचा ड बाद. त्याच्या ८० मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघा: समजा अ ला १०, ब ला ३०, क ला २५, आणि १५ वर पुढे काहीच नाही. त्या १५ संपल्या. आता अ ४४०, ब ३७०, क १७५. क बाद. त्याच्या १७५ पैकी अ ला ३०, ब ला ११०, आणि ३५ संपल्या. अ ४७०, ब ४८०. मतं संपली तरी कोटा खाली येत नाही, तेव्हा ५०१ कोणीच गाठलं नाही. मग कमी मतांचा अ बाद होतो आणि उरलेला ब निवडून आला. फरक १० चा, आणि पुढची पसंती न दिलेल्या मतपत्रिका ५०. २०२३ च्या अमरावती पदवीधर निवडणुकीत धीरज लिंगाडे यांनी रणजीत पाटील यांना हरवलं, तेव्हा मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली होती. मोजणीला वेळ जातो तो अशाच फेऱ्यांमध्ये.

जागा एकाहून जास्त असल्या की बाद करण्याबरोबर वाटपही येतं. आमदार मत देतात त्या परिषदेच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीत प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. एकूण मूल्याला जागा अधिक एक या संख्येने भागायचं, बाकी सोडायची, एक मिळवायचा, की कोटा.

जून २०२२ ची राज्यसभा निवडणूक घ्या. जागा ६, उमेदवार ७, वैध मतं २८४. २८,४०० भागिले ७ म्हणजे ४,०५७, अधिक एक, कोटा ४,०५८. (बातम्यांत '४१ मतं' यायचं ते यामुळे.) पहिल्या पसंतीची मतं: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. पहिले पाच लगेच निवडून आले. सहाव्या जागेसाठी ३३ वाला पुढे दिसतो, आणि त्या रात्री अनेकांचा हिशेब इथेच चुकला.

निवडून आलेल्याकडे कोट्याच्या वर जे मूल्य उरतं ती शिल्लक, आणि ती त्याच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीला जाते. शिल्लक सर्वांत मोठी असेल ती आधी वाटतात. महाडिकांच्याच पक्षाच्या, भाजपच्या गोयल आणि बोंडे यांची शिल्लक प्रत्येकी ४,८०० वजा ४,०५८, म्हणजे ७४२. ती ४८ मतपत्रिकांत वाटली की प्रत्येकीवर १५.४५, नियमाप्रमाणे अपूर्णांक सोडून १५. सगळ्यांवर दुसरी पसंती महाडिकांना असेल तर ४८ गुणिले १५ म्हणजे ७२०, दोघांचे मिळून १,४४०. २,७०० अधिक १,४४० म्हणजे ४,१४०. कोटा पार. पवारांच्या बाजूला प्रतापगढी, पटेल आणि राऊत यांची शिल्लक अनुक्रमे ३४२, २४२ आणि ४२. अपूर्णांक न सोडता सगळी मिळाली तरी ३,३०० अधिक ६२६, म्हणजे ३,९२६. महाडिकच निवडून आले. हरलेल्या बाजूने पहिल्या पसंतीची मतं मोजली, जिंकलेल्या बाजूने दुसऱ्या पसंतीची आखणी केली.

मोजणी प्रतिनिधी म्हणून टेबलाशी बसणार असाल तर एक तक्ता हाताशी ठेवा. प्रत्येक फेरीनंतर सगळ्या उमेदवारांचं मूल्य, संपलेल्या मतपत्रिकांचं मूल्य आणि अपूर्णांकात गेलेलं मूल्य (वरच्या उदाहरणात गोयल आणि बोंडे यांच्या वाटपात प्रत्येकी २२) यांची बेरीज सुरुवातीच्या एकूण मूल्याइतकीच आली पाहिजे. नाही आली तर गठ्ठा चुकीच्या खणात पडला आहे किंवा भागाकार चुकला आहे. फेरमोजणी तेव्हाच, मोजणी चालू असताना मागा. त्याच मतपत्रिका एकदा पुन्हा मोजून झाल्या असतील तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यावर आणखी एकदा मोजण्याचं बंधन नाही, म्हणून कुठल्या फेरीत, कुठल्या गठ्ठ्यात घोळ वाटतो ते नेमकं सांगता आलं पाहिजे.