पेट्रोल फवारणी पंपाच्या पिस्टनला कार्बन धरलाय का, हे घरच्या घरी कसं ओळखावं

पावसाने उघडीप दिली की पऱ्हाटीवर फवारा मारायला जेमतेम दोन-तीन दिवस हाती असतात. नेमकं तेव्हाच पाठीवरचं पेट्रोल इंजिन दगा देतं. रस्सी ओढली की सुरू होतं, हळू रेसवर बरं चालतं, पण रेस वाढवली की दबतं. मग नोझलातून तुषार न निघता धार पडते आणि महागाचं औषध पानावर न बसता मातीत जातं. अशा वेळी ‘बोअर-पिस्टन गेलं’ म्हणून थेट नवा सेट टाकायची घाई होते. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे: इंजिन खोलायच्या आधी सायलेन्सर खोला. टू-स्ट्रोक इंजिनातला कार्बन तिथूनच दिसतो, आणि पिस्टन-रिंगची तब्येतही तिथूनच कळते.

आपला पंप टू-स्ट्रोकच आहे ना, हे आधी पक्कं करा. इंजिनात ऑइल टाकायला वेगळं झाकण असेल तर तो फोर-स्ट्रोक आहे आणि हा लेख त्याच्यासाठी नाही. पेट्रोलमध्येच टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचं) ऑइल मिसळून टाकावं लागत असेल तर पुढे वाचा. तणकापणी यंत्र, जुनी राजदूत, लुना, आरएक्स १०० यांचंही तंत्र हेच.

कार्बन नेमका कुठे आणि का धरतो

या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. पूर्ण न जळलेलं ऑइल काजळी होऊन पिस्टनच्या माथ्यावर, रिंगच्या (पिस्टनभोवतीच्या कडीच्या) खाचेत, ठिणगी देणाऱ्या प्लगवर बसतं. सगळ्यात जास्त बसतं ते धूर बाहेर पडायच्या तोंडाशी, म्हणजे एक्झॉस्ट पोर्टमध्ये. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला व्हॉल्व्ह नसतात. भिंतीला भोकं असतात आणि पिस्टन वरखाली होताना तीच उघडतो, तीच झाकतो. जुना धूर बाहेर जाणं आणि ताजं मिश्रण आत येणं जवळपास एकाच वेळी होतं. त्यामुळे बाहेरची वाट अरुंद झाली की आत येणारा मालही अडतो. कमी रेसवर हे जाणवत नाही, पण पूर्ण रेसवर इंजिनाचा श्वास कोंडतो. सुरू होतं पण ओढत नाही, याचं कारण हे.

काजळी वाढण्याचं मूळ बहुतेकदा मिश्रणाच्या डब्यात असतं. इंजिन जास्त टिकावं म्हणून कास्तकार हात सैल सोडून ऑइल टाकतो, किंवा टूटी संपलं म्हणून ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल ओततो. ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये धातूयुक्त रसायनं असतात. ती जळल्यावर राख उरते आणि कडक थर होऊन बसते. जास्तीच्या टूटीचाही तोटा दुहेरी आहे. काजळी वाढते ती वाढतेच, शिवाय कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) त्याच छिद्रातून तेवढं पेट्रोल कमी जातं आणि इंजिन उलट जास्त तापतं. याशिवाय अर्धा लागलेला चोक, धुळीने भरलेला एअर फिल्टर आणि तासन् तास कमी रेसवर चालवणं, हे तिन्ही काजळीला हातभार लावतात.

खोलायच्या आधी

पंप पूर्ण थंड होऊ द्या, प्लगची टोपी काढून बाजूला करा, पेट्रोल टाकी रिकामी करा. आणि सगळ्यात आधी पंप बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवा, एअर फिल्टर आणि कार्बोरेटरमध्ये पाणी जाऊ देऊ नका. टाकी, नळी, इंजिनाचं कव्हर यांवर कीटकनाशक साचलेलं असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने २० हून अधिक जीव गेले आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. दुरुस्तीच्या वेळीही तेच विष हाताला लागतं. रबरी हातमोजे घाला, लेकरांना जवळ बसवू नका, आणि हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.

लक्षणं चाचपून पाहा

वर सांगितलेलं ‘रेस दिली की दबणं’ हे पहिलं लक्षण. दुसरं, सायलेन्सरच्या तोंडातून काळा चिकट रस गळणं. तिसरं लक्षण धोक्याचं आहे: बटण बंद केल्यावरही इंजिन दोन-चार क्षण चालत राहतं. आतला कार्बनचा खडा निखाऱ्यासारखा लाल होतो आणि ठिणगीशिवायच मिश्रण पेटवतो. असं होत असेल तर फवारणी थांबवा, कारण वेळेआधी पेटणाऱ्या मिश्रणाने पिस्टनचा माथा वितळू शकतो. मात्र बंद न होण्यामागे बटणाची तुटलेली तारही असू शकते, ती तपासून घ्या.

गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला कुरकुर करतं, हे एकटं लक्षण कार्बनचा पुरावा मानू नका. त्याला दहा कारणं असतात.

प्लग वाचा

टाकी रिकामी करायच्या आधी पूर्ण रेसवर काही मिनिटं चालवून बंद केलेल्या इंजिनाचा प्लग, थंड झाल्यावर, पान्याने काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी: चोक आणि एअर फिल्टर बघा. काळा आणि ओला, ऑइलने माखलेला असेल तर ऑइल जास्त आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढराफटक किंवा फोड आलेला प्लग म्हणजे इंजिन जास्त तापतंय. तिथे कार्बन साफ करून भागणार नाही, हवा कुठून तरी चोरून आत येतेय का ते शोधावं लागतं.

प्लगच्या भोकातून मोबाइलची बॅटरी लावून पिस्टनचा माथा पाहा. पातळ तपकिरी-काळा थर नेहमीचाच, त्याला हात लावायची गरज नाही. जाड, पापुद्रे सुटलेला, खडबडीत थर दिसला तर साफसफाईची वेळ झाली.

आता सायलेन्सर

कव्हर काढा, सायलेन्सरचे बोल्ट एल-कीने ढिले करा, गॅस्केट फाटू न देता सायलेन्सर वेगळा करा. काही सायलेन्सरांत ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. ती बुजलेली दिसली तर बरेचदा दुखणं इथेच संपतं. तारेच्या ब्रशने जाळी साफ करा. सायलेन्सर काढून इंजिन चालवून बघायची पद्धत काही जण वापरतात. मी ती सांगणार नाही. जवळ पेट्रोल असतं, कुठे कडबा, कुठे कापूस, आणि तोंडातून जाळ बाहेर पडतो. डोळ्यांनी दिसतंय तर आग कशाला ओढवून घ्यायची?

सायलेन्सर निघाला की पोर्ट समोर असतो. त्याच्या कडा काळ्या थराने आत आलेल्या आहेत का, मूळचा आकार किती उरला, ते पाहा. मग रस्सी अगदी हळू ओढत पिस्टन खालीवर करा. पोर्टसमोर रिंग आली की थांबा आणि बांबूच्या कामटीच्या बोथट टोकाने ती अलगद दाबा. मोकळी रिंग दबते आणि परत बाहेर येते. दबलीच नाही तर रिंग खाचेत कार्बनने जाम झालीय.

पिस्टनच्या अंगावरचे ओरखडे नीट वाचा, कारण खर्चाचा निर्णय यावरच होतो. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला थोड्या उभ्या रेषा असतील तर सुटलेल्या कार्बनच्या कणांनी ओरबाडलं असण्याची शक्यता जास्त. कार्बोरेटरच्या बाजूला धुसर घासल्यासारखं असेल तर एअर फिल्टरमधून धूळ गेलीय. चहूबाजूंनी खोल रेषा आणि चिकटलेला ॲल्युमिनियम दिसला तर इंजिन ऑइलविना किंवा अति तापून चिकटलं होतं, आणि तेव्हा नवा सेट टाकणं खरंच भाग आहे.

दाब

प्लग परत बसवा आणि रस्सी सावकाश ओढा. ठरावीक जागी हाताला ठणठणीत अडकण जाणवायला हवी. रस्सी लोण्यासारखी सरकली तर प्लग पुन्हा काढून भोकातून चमचाभर टूटी आत सोडा, प्लग लावा आणि परत ओढा. अडकण वाढली तर दाब रिंगपाशी गळतोय. एक गोष्ट ध्यानात ठेवा: माथ्यावर जाड कार्बन असेल तर आतली जागा कमी होऊन दाब उलट वाढतो. म्हणून रस्सी जोरात लागली की इंजिन निरोगी, असं समजू नका. पाहून झाल्यावर प्लग काढून रस्सी काही वेळा ओढा, आतलं जादा ऑइल बाहेर पडतं.

पोर्ट साफ करताना

पिस्टन पूर्ण वर आणा म्हणजे त्याच्या अंगाने पोर्ट झाकला जातो आणि कण आत पडत नाहीत. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने खरवडा, फुंकून कण काढा. पेचकस आणि सँडपेपर लांब ठेवा, कारण पिस्टनचा धातू मऊ असतो आणि पडलेला ओरखडा कायमचा राहतो. कॉस्टिक सोड्यात पिस्टन कधीही बुडवू नका, ॲल्युमिनियम त्यात विरघळतं.

रिंग जाम निघाली तर सिलिंडर उचलावा लागतो. सवय नसेल तर हे काम मिस्त्रीकडे द्या. फक्त एवढं सांगा की रिंगच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगची दोन्ही टोकं तिच्याशी यायला हवीत. तसं नाही झालं तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. नवी रिंग आणायला जाताना जुनी बरोबर न्या.

मिश्रण

कंपनीच्या पुस्तिकेतलं प्रमाण पाळा. १ लिटर पेट्रोलला २५:१ म्हणजे ४० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, ५०:१ म्हणजे २० मिली ऑइल. बाटलीच्या झाकणाने मोजू नका. सुई नसलेली मोठी सिरिंज यासाठीच वेगळी ठेवा, औषध मोजायचं माप वापरू नका. बाटलीवर जासो (JASO, ऑइलच्या दर्जाची जपानी खूण) एफसी किंवा एफडी लिहिलेलं टूटी घ्या, धूर आणि काजळी कमी होते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून महिनाभरात लागेल तेवढंच मिश्रण करा. तुरीचा शेवटचा फवारा झाला की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करा, आणि पंप ठेवून देण्याआधी सायलेन्सर एकदा खोलून पाहा.