उमेदवाराच्या सभेत आणि निधीभोजनात स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या निवडणुकांमध्ये आपली मराठी मंडळी आता केवळ मतदान करून थांबत नाहीत, तर उमेदवारांच्या सभांना खुर्च्या मांडण्यापासून निधीभोजनाच्या, म्हणजे प्रचारासाठी देणग्या गोळा करायला ठेवलेल्या जेवणाच्या, दारात पाहुण्यांची नोंद करण्यापर्यंत सगळी कामे अंगावर घेतात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र दर निवडणुकीत नव्या स्वयंसेवकांकडून त्याच त्या चुका होताना पाहून आता लिहिणे भाग पडले आहे. उत्साह कोणाचाच कमी नसतो. कमी पडतो तो धीर. सभेतल्या चुकीने गोंधळ होतो आणि तो तासाभरात निवळतो, परंतु निधीभोजनातली चूक उमेदवाराच्या हिशेबात जाऊन बसते. पुढे सांगितलेले देणग्यांचे आकडे आणि नियम प्रतिनिधिगृह, सिनेट आणि अध्यक्षपद यांच्या निवडणुकांचे आहेत. राज्याच्या आणि शहराच्या निवडणुकांचे नियम वेगळे असतात आणि ते त्या त्या प्रचार समितीच्या खजिनदाराला विचारूनच घ्यावेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पैसे कोण देत आहे हे न विचारता पैसे घेणे. परदेशी नागरिकाला कोणत्याही निवडणुकीत, अगदी गावच्या शाळा मंडळाच्या निवडणुकीतसुद्धा, देणगी देता येत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ व्हिसावर असलेल्यांना ती पूर्णपणे लागू आहे. आपल्या ओळखीच्या घरांमध्ये नवरा एका व्हिसावर, बायको ग्रीन कार्डावर आणि मुले जन्माने नागरिक, अशी स्थिती सर्रास असते, त्यामुळे हा प्रश्न आपल्या कार्यक्रमांत इतर कुठल्याही कार्यक्रमापेक्षा अधिक वेळा उभा राहतो.

एका यजमानांच्या घरी भोजन होते आणि नोंदणीच्या टेबलावर एक हुशार, चटपटीत तरुण बसला होता. एक जोडपे आले. पतीने देणगीसाठी आपले क्रेडिट कार्ड पुढे केले आणि बोलता बोलता सांगितले की त्याचे ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. तरुणाने क्षणाचाही विचार न करता सुचवले की कार्ड हेच चालेल, फक्त फॉर्मवर पत्नीचे नाव घालू. त्याच्या दृष्टीने त्याने रांग पुढे सरकवली होती. प्रत्यक्षात त्याने एका वाक्यात दोन बेकायदा गोष्टी सुचवल्या होत्या, कारण परदेशी नागरिकाकडून देणगी घेणे जितके निषिद्ध आहे, तितकेच एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर दाखवणेही निषिद्ध आहे. मी तो व्यवहार तिथेच थांबवला आणि खजिनदारांना बोलावले. पत्नीने स्वतःच्या खात्यातून स्वतःची देणगी दिली आणि पतीने ती संध्याकाळ पाहुण्यांच्या गाड्या लावून घेण्यात घालवली. त्यात काहीही गैर नव्हते, कारण व्हिसाधारकाला विनामोबदला स्वयंसेवा करता येते. प्रचार समितीच्या निर्णयांत मात्र त्याने भाग घ्यायचा नसतो.

तेव्हापासून माझी सवय ठरून गेली आहे. कार्ड हातात घेण्याआधी मी दोन प्रश्न विचारते: आपण नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहात ना, आणि हे पैसे आपले स्वतःचे आहेत ना? हेच दोन प्रश्न मी निमंत्रणातही छापून घेते, म्हणजे दारात कोणाला अवघडल्यासारखे होत नाही. पाहुण्याला असे विचारणे बरे दिसत नाही, असे म्हणणारे दर वेळी भेटतात. पंधरा दिवसांनी फोन करून ‘आपली देणगी परत करावी लागत आहे’ असे सांगणे कितीतरी अधिक वाईट दिसते.

हाच नियम सभेतल्या विक्रीच्या टेबलालाही लागू होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्रचार समितीकडून विकत घेतलेल्या टोपीची किंवा टी-शर्टची पूर्ण किंमत ही देणगीच धरली जाते. भोजनाच्या तिकिटाचेही तसेच आहे. जेवणाचा खर्च वजा करून उरलेली रक्कम देणगी, असा हिशेब नसतो. म्हणून व्हिसावर असलेल्या मित्राला आठवण म्हणून टोपी घ्यायला लावू नका. या रकमेवर करसवलत मिळत नाही, हेही विचारणाऱ्याला स्पष्ट सांगा.

देणगीचा फॉर्म अर्धवट भरून घेणे ही त्याच घाईची धाकटी बहीण. २०२५-२६ च्या निवडणूक चक्रात एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरपर्यंत देता येतात आणि प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) व सार्वत्रिक या दोन वेगळ्या निवडणुका धरल्या जातात. ५० डॉलरच्या वर नाव आणि पत्ता लागतो. एकूण देणगी २०० डॉलरच्या पुढे गेली की व्यवसाय आणि नोकरी देणाऱ्याचे नावही लागते. ‘नंतर भरू’ म्हणून सोडलेले रकाने नंतर कोणीही भरत नाही. फॉर्मवर घरगुती नाव आणि चेकवर कागदोपत्री नाव, असे आपल्याकडे हमखास होते, तेव्हा दोन्ही समोर धरून ताडून पाहा. संयुक्त खात्याच्या चेकवर एकाचीच सही असेल तर ती देणगी सही करणाऱ्याच्या नावावर जाते. दोघांची म्हणून द्यायची असेल तर चेकवर किंवा सोबतच्या कागदावर दोघांच्या सह्या हव्यात. रोख रक्कम एका व्यक्तीकडून १०० डॉलरपेक्षा जास्त घ्यायची नाही. कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेल्या दवाखान्याचा किंवा सल्लागार कंपनीचा चेक तर हातातच घेऊ नका. कॉर्पोरेशनच्या देणग्यांवर १९०७ पासून बंदी आहे आणि तरीही प्रत्येक भोजनात असा एखादा चेक येतोच. मर्यादा संपली म्हणून वडिलांनी आपले पैसे शाळकरी मुलाच्या नावाने देणे हेही चालत नाही. मुलाला देणगी देता येते, पण निर्णय त्याचा आणि पैसे त्याचे असावे लागतात.

दुसरी चूक मला व्यक्तिशः सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण तिचा फटका उमेदवाराला नव्हे तर आपल्या संस्थांना बसतो. ती म्हणजे मंडळाची यादी वापरणे. अनेक महाराष्ट्र मंडळे ५०१ सी ३ या कलमाखाली करमुक्त आहेत आणि अशा संस्थांना कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करण्यास १९५४ पासून बंदी आहे. एका मंडळाच्या कार्यकारिणीतील उत्साही सदस्याने निधीभोजनाचे निमंत्रण मंडळाच्या ईमेल यादीवरून सगळ्या सभासदांना धाडले. माणसे झटपट जमवायची होती आणि यादी हाताशी होती, एवढाच त्याचा विचार. दुसऱ्या पक्षाला मानणाऱ्या सभासदांनी साहजिकच जाब विचारला. अध्यक्षांना खुलासा पाठवावा लागला, वकिलांचा सल्ला घ्यावा लागला, आणि ज्या घरांचे वर्षानुवर्षांचे येणे-जाणे होते त्यांच्यात गणेशोत्सवाच्या तोंडावर अबोला धरला गेला. मंडळाचा करमुक्त दर्जा जाऊ शकतो, ही गोष्ट गंभीर आहेच; पण कोणत्याही मताच्या माणसाला निर्धास्तपणे यावेसे वाटेल अशी एकच जागा परगावी आपल्यापाशी असते, आणि तिच्याशी एका संध्याकाळच्या उपस्थितीसाठी खेळू नये असे मला कळकळीने वाटते.

मंडळाचा पदाधिकारी व्यक्ती म्हणून हव्या त्या उमेदवाराचे काम करू शकतो. मंडळाचे नाव, यादी, पैसे आणि व्यासपीठ त्याने वापरू नये. माझी पद्धत संथ आहे. मी माझ्या स्वतःच्या ओळखीतल्या लोकांना एकेक करून फोन करते. शंभर जणांना एकदम धाडलेल्या व्हॉट्सॲप संदेशापेक्षा दहा जणांशी झालेल्या बोलण्यातून अधिक माणसे येतात. कचेरीच्या ईमेलवरूनही निमंत्रणे पाठवू नका.

सभेत मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन फिरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ग्रीन कार्डधारकाला या निवडणुकांत मतदानाचा हक्क नाही. रांगेतल्या एखाद्या आजींना ‘इथे फक्त सही करा’ असे म्हणून फॉर्म पुढे करणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण नागरिक असल्याचे खोटे निवेदन पुढे त्यांच्या नागरिकत्वाच्या अर्जाला आणि इथल्या वास्तव्यालाही बाधा आणू शकते. फॉर्मवरचा नागरिकत्वाचा प्रश्न आधी वाचून दाखवा, गरज पडली तर मराठीत समजावून सांगा, आणि उत्तर नाही असेल तर फॉर्म परत घ्या.

सभेतल्या बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. दार उघडण्याच्या वेळी पोहोचणारा स्वयंसेवक पाहुणाच ठरतो, म्हणून बोलावलेल्या वेळेआधी या. सीक्रेट सर्व्हिसची, म्हणजे बड्या नेत्यांच्या सुरक्षा दलाची, तपासणी असेल तर मोठी पिशवी घरी ठेवा. बाहेर पडण्याच्या वाटेत जादा खुर्च्या मांडू नका, चाकाच्या खुर्चीसाठी राखलेली जागा ओळखीच्यांना देऊ नका, विरोधी घोषणा देणाऱ्यांशी वाद घालू नका आणि पत्रकाराने काही विचारले तर समितीच्या माणसाकडे बोट दाखवा. स्वतःच्या मनाने पत्रके छापू नका. प्रचार साहित्यावर खर्च कोणी केला हे लिहिणे बंधनकारक असते.

भोजन कोणाच्या घरी असेल तर यजमानांना खर्चाचा हिशेब ठेवायला पहिल्याच दिवशी सांगा. घरच्या कार्यक्रमात जेवण, पेये आणि निमंत्रणे यांवर यजमानाने केलेला खर्च एका उमेदवारासाठी एका निवडणुकीत १,००० डॉलरपर्यंत देणगी म्हणून मोजला जात नाही, त्यापुढचा मोजला जातो. एखाद्या उपाहारगृहाने फुकट पाठवलेले जेवण ही देणगीच असते, आणि ते उपाहारगृह कॉर्पोरेशन असेल तर ते घेताच येत नाही. नव्या स्वयंसेवकांचा जीव उमेदवाराबरोबरच्या छायाचित्रात अडकलेला असतो. पाहुण्यांची छायाचित्रे होईपर्यंत नोंदणीचे टेबल सोडू नये.

जमलेले चेक घरी नेऊन आठवड्याने द्यायचे, ही शेवटची चूक. ५० डॉलरपेक्षा मोठी देणगी माहितीसह दहा दिवसांत खजिनदाराकडे पोहोचवावी लागते, पण मी त्या दहा दिवसांवर कधीच विसंबत नाही. पाहुणे गेल्यावर त्याच टेबलावर खजिनदारांसमोर प्रत्येक फॉर्म आणि चेक यादीशी जुळवून घेते, रिकामे राहिलेले रकाने वेगळे काढते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुण्यांना कार्यक्रम ताजा आठवत असतानाच, त्यांना फोन करते.