गाडीत रताळी, पोटात भजी-पाव

रोज रात्री बेळगावात टेंपोत भाजी भरायची, जांबोटी मागं टाकून चोर्ल्याचा घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत म्हापसा गाठायचं. चौदा वर्षं हेच चाललंय. वाटेत चहा आणि भजी-पाव. पाणी मुद्दाम कमी प्यायचो, घाटात गाडी लावणार कुठं? परसाकडं लागली तरी दाबायची, मग घरी येऊन मोबाईल घेऊन अर्धा तास संडासात.

एक दिवस भांड्यात लालभडक रक्त दिसलं. दुखलं काहीच नाही, म्हणून दोन महिने गप्प. शेवटी बायको म्हणाली, "काय लपवूलालाय ओ? चला दवाखान्यात."

डॉक्टरांनी समजावलं ते असं. गुदद्वारात शिरांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. कुंथून कुंथून, तासन्‌तास बसून, बायकांना गरोदरपणात भार पडून त्या फुगतात, हीच मूळव्याध. आतल्या फुगल्या तर न दुखता रक्त जातं. बाहेरच्यात रक्त गोठलं तर निळसर, टणक गाठ येते, बसवत नाही. ती पहिल्या दोन-तीन दिवसांतच दाखवा. कापल्यासारखी कळ येत असेल तर बहुतेक फिशर, म्हणजे तिथल्या कातडीला पडलेली चीर, त्याचा इलाज वेगळा. संकेश्वरी मिरचीला मात्र उगाच शिव्या देऊ नका. मूळव्याध ती करत नाही, झाल्यावर आग तेवढी वाढवते.

सगळ्यात आराम पडला तो कोमट पाण्यात बसून. रुंद टब घ्या. माझा पहिला इतका लहान निघाला की मी त्यात अडकलो, पोरं लोळून हसली. बूड बुडेल एवढं पाणी, आधी मनगटावर ओतून बघायचं, चटका बसता कामा नये. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातनं दोन-तीनदा, शौचाला जाऊन आल्यावर तर नक्की. त्यात साबण, डेटॉल काही नको. नंतर घासायचं नाही, मऊ फडक्यानं टिपायचं.

जेवणात जोंधळ्याची भाकरी, मटकीची उसळ, पेरू. आणि जी रताळी मी वर्षानुवर्षं गोव्याला पोचवली, ती आता उकडून सालासकट डब्यात असतात. हे हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं. इसबगोल चमचाभर, पण ग्लासभर पाण्याबरोबरच. पाणी कमी पडलं तर उलट खडा होतो. संडासात मोबाईल न्यायचा नाही, पाच मिनिटांत उठायचं. कमोड असेल तर पायाखाली पाट.

बोर्ड बघून भोंदूकडं जाऊ नका. माझ्या दोस्तानं कसलासा लेप लावून घेतला, कातडी जळाली, तीन आठवडे पालथा झोपला. रक्त आठवड्यात थांबलं नाही, शौच काळं झालं, वजन घटलं, चक्कर आली, किंवा चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच रक्त दिसलं, तर मूळव्याधच असेल असं धरून बसू नका. आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्त जातं. माझं वय 46, म्हणून दुर्बिणीनं तपासलं. दुसरं काही निघालं नाही. मग आतल्या दोन कोंबांना, म्हणजे फुगलेल्या गाद्यांना, रबर-बँड बसवले, भूलही दिली नाही, दुपारी घरी.

आठ दिवस वजन उचलायला मनाई होती. गाडीवरचा किन्नर (क्लीनर) कोबीचे क्रेट उतरवायचा आणि मी शेजारी उभा राहून मोजायचो.