जोडीदार गेल्यानंतरची कागदपत्रं: नाशिककरांसाठी कामाचा क्रम

दहाव्याला गोदाकाठी जमलेली मंडळी सल्ले भरपूर देतात. खातं बंद करा, गाडी विकून टाका, इथे एक सही करा. यातलं काहीही तेराव्याच्या आत करावं लागत नाही. त्या दिवसांत काम एकच असतं: मृत्यूची नोंद, आणि तीही बिनचूक नावाने.

नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही. सिन्नरचा माणूस नाशिकच्या हॉस्पिटलात गेला तर दाखला नाशिक महापालिकेचा मिळतो. नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको, सातपूर यांपैकी ज्या विभागात ते हॉस्पिटल येतं, त्या विभागीय कार्यालयात चौकशी करायची. देवळाली कॅम्पच्या हद्दीत कॅन्टोन्मेंट बोर्ड, खेड्यात ग्रामपंचायत. 21 दिवसांत नोंद झाली तर शुल्क नाही, 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षभरापर्यंत स्वयंसाक्षांकित कागद आणि परवानगी, आणि वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मृत्यू घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्या आणि अमरधामला जाताना ते सोबत ठेवा.

घोळ होतो तो नावात. हॉस्पिटलात फॉर्म भरताना कुणीतरी पुतण्या घाईत नाव सांगतो आणि घरातल्या हाकेचं नाव कागदावर जातं. किंवा आधारवर ‘दत्तात्रय’, दाखल्यावर ‘दत्तात्रेय’, बँकेत नुसतं ‘डी. बी.’. माणसं तीन नसतात, पण बँकेचा, विम्याचा आणि पीएफचा कारकून प्रत्येक जण वेगळं प्रतिज्ञापत्र मागतो. म्हणून हॉस्पिटलचा फॉर्म पुढे जाण्याआधी आधार कार्ड शेजारी ठेवून अक्षर न अक्षर पडताळा: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इंग्रजी स्पेलिंग, तारीख. नोंद झाल्यावरही दुरुस्ती होते, पण पुरावे जोडून आणि हेलपाटे घालून. दाखल्याच्या दहा प्रती काढा. बहुतेक ठिकाणी मूळ प्रत बघून झेरॉक्स ठेवतात, पण काही जण मूळच ठेवून घेतात.

दुसरं काम घरबसल्या होतं. गेलेल्या माणसाच्या प्रत्येक खात्याचं गेल्या दोन वर्षांचं पासबुक भरून आणा, पेन्सिल घ्या आणि ओळीओळीने वाचा. मेच्या अखेरीस 436 रुपये वजा झालेले दिसले तर ती जीवनज्योती विम्याची रक्कम आहे. मृत्यूवर 2 लाख मिळतात. 20 रुपये वजा असतील तर सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूसाठी 2 लाख. दर महिन्याची ठराविक वजावट म्हणजे एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) किंवा कर्जाचा हप्ता, वर्षातून एकदाची मोठी रक्कम बहुधा विम्याचा हप्ता, आणि बचत खात्याच्या नेहमीच्या व्याजाशिवाय तिमाहीला वेगळं व्याज जमा होत असेल तर बहुधा कुठेतरी मुदत ठेव आहे. घरच्यांना ठाऊक नसलेल्या निम्म्या गोष्टी इथेच सापडतात. आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती पत्रकात इतर बँकांचं व्याजही दिसतं. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतात.

तोवर मोबाईलचं सिम बंद करू नका. हप्त्यांचे, पॉलिसींचे मेसेज त्याच नंबरवर येत राहतात. मात्र त्यांचं एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नका, रक्कम तुमचीच आहे असं वाटलं तरी. उद्या एखाद्या वारसाने हरकत घेतली की त्या पैशांचा हिशोब तुमच्या गळ्यात पडतो.

बँकेत संयुक्त खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहिलेला) असेल तर दाखला आणि केवायसी देऊन नाव कमी होतं. नॉमिनी असेल तर दावा अर्ज, दाखला, ओळखपत्र एवढंच. रक्कम कितीही असो, बँकेने न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र मागायचं नसतं. दोन्ही नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत 15 लाखांपर्यंतचा दावा हमीपत्र आणि बाकी वारसांच्या ना-हरकतीवर निकाली निघतो. सगळी कागदपत्रं दिल्यापासून मुदत 15 दिवसांची, म्हणून कागद दिल्याची तारखेसह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मुदत ठेव मुदतीआधी मोडली तरी वारसांना दंड लागत नाही. पतसंस्थेतल्या ठेवींना मात्र 5 लाखांचं ठेव विमा संरक्षण नसतं. तिथला पैसा आधी मोकळा करून घ्या.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज घरोघरी भांडणं लावतो. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो ते वारसांच्या वतीने. आणि वारस कोण? हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळे सारख्या हिश्शाचे. सासूबाई हयात असतील तर त्यांचं नाव राहून जातं, मग अर्ज परत येतो. पत्नी गेली असेल तर पती आणि मुलं. रक्कम मोठी, नॉमिनी नाही आणि वारसांत एकमत नाही, तर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याच्या परिशिष्टात सगळी खाती, शेअर, ठेवी एकदमच लिहा, एक राहिली तरी पुन्हा अर्ज करावा लागतो. मृत्युपत्र असेल तर प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) हवंच असं कुणी म्हणालं, तर ती सक्ती नाशिकला कधी लागू नव्हती. ती मुंबईसारख्या ठिकाणी होती, तीही 2025 पर्यंत.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरी चालू असताना मृत्यू झाला असेल तर सातपूरच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तीन हक्क असतात: पीएफ (फॉर्म 20), विधवा किंवा विधुर आणि मुलांचं पेन्शन (10 डी), आणि विमा (5 आयएफ). तिन्हींचा मिळून मृत्यू दाव्यासाठी एकत्रित फॉर्मही आहे. विम्याचे जास्तीत जास्त 7 लाख मिळतात आणि तोच अनेकदा मागायचा राहतो, कारण कंपनीतला माणूस फक्त ‘पीएफ काढून देतो’ म्हणतो. लग्नाआधी आईच्या नावाने केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरतं, हे सासरच्यांनाही सांगावं लागतं. पत्नीचं नाव माहेरच्या आडनावाने लागलेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

सरकारी पेन्शनर असतील तर पहिल्याच महिन्यात कळवा. मृत्यूनंतर जमा झालेलं पेन्शन परत कापलं जातं आणि खर्च करून बसलात तर अडचण तुमचीच. राज्य सरकारचे असतील तर जिल्हा कोषागार, केंद्राचे (नोटांच्या प्रेसमधले वगैरे) असतील तर पेन्शन देणारी बँक, लष्करातले असतील तर स्पर्श पोर्टल. केंद्राच्या कुटुंब निवृत्तिवेतनात पेन्शनर गेल्यानंतर सात वर्षं, किंवा ते 67 वर्षांचे झाले असते तोपर्यंत, यांत जे आधी येईल तोवर वाढीव दर असतो, मग तो शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्क्यांवर येतो. पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख नसेल तर तेवढ्यावरून प्रकरण अडतं.

एलआयसीत 3783 नंबरचा दावेदाराचा फॉर्म, मूळ बॉण्ड, दाखला. पॉलिसी तीन वर्षांच्या आतली असेल तर चौकशी होतेच, उपचारांचे कागद फाइल करून ठेवा. गृहकर्ज असेल तर मंजुरीपत्र पुन्हा वाचा: कर्ज देताना गळ्यात मारलेली विम्याची पॉलिसी त्यात असू शकते. सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर वारस म्हणून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच तुम्ही देणं लागता. वसुलीवाल्याच्या दमदाटीला घाबरून खिशातून भरू नका.

निफाड-दिंडोरीकडच्या शेतकरी घरात मृत्यू अपघाती असेल (सर्पदंश, वीज, विजेचा धक्का) तर गोपीनाथ मुंडे योजनेतून 2 लाख मिळतात, वय 10 ते 75. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज 30 दिवसांत. पंचनामा आणि शवविच्छेदन झालेलं नसेल तर दावा बहुधा अडतो.

सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे पूर्वीचे तलाठी) किंवा ई-हक्कवर अर्ज करा. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. या नोंदीने सगळ्यांची नावं सामाईक लागतात, वाटप होत नाही. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा लेख, ही वेगळी गोष्ट. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की मागे फिरता येत नाही. ‘नंतर बघू, आधी सही कर’ म्हणणाऱ्याला पहिलं वर्ष तरी थांबवा. शहरातल्या घरासाठी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, महापालिकेची घरपट्टी आणि लाइट बिल ही तीन नावं वेगवेगळी बदलावी लागतात. सोसायटीत हस्तांतर शुल्क 500 रुपये, वारसाकडून प्रीमियम घेता येत नाही.

गाडीसाठी पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म 31. मृत्यूनंतर 30 दिवसांत कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते. आरसीबरोबर विमाही नावावर करा, नाहीतर धडक झाल्यावर दुरुस्तीचा दावा अडकतो.

आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून 1 एप्रिल ते मृत्यूच्या तारखेपर्यंतचं विवरणपत्र त्यांच्या पॅनवर भरायचं, पुढचं उत्पन्न तुमच्या नावावर. परतावा यायचा असेल तर वारसाचं खातं पोर्टलवर आधी पडताळून ठेवा. तो जमा झाल्यावर पॅन परत करा, आणि सिम त्यानंतर.