गाडीची विमा पॉलिसी खरी आहे की बनावट, हे कसे पडताळावे

मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार रस्त्यावर येणाऱ्या वाहनाला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या हानीची भरपाई देणारा विमा) सक्तीचा आहे, आणि तो नसल्यास पहिल्या खेपेला 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बनावट पॉलिसीचा धंदा या सक्तीवरच पोसला गेला आहे, कारण पुष्कळांना विमा हवा असतो तो नाक्यावर दाखवण्यापुरता, आणि त्या कागदाकडे अपघात होईपर्यंत कोणी निरखून पाहत नाही. अपघातात कोणी दगावले आणि पॉलिसी बनावट निघाली, तर कंपनी जबाबदारी नाकारू शकते व भरपाईचा बोजा थेट गाडीमालकावर येतो.

पहिली कसोटी हप्त्याची, आणि माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची. थर्ड पार्टीचे दर केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1,000 सीसीहून अधिक आणि 1,500 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला 3,416 रुपये, तर 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 714 रुपये पडतात, कर वेगळा. नूतनीकरणाच्या वेळी चालू दर पाहून घ्यावा आणि त्याहून कमी पैशांत कोणी ‘बसवून देतो’ म्हणाले, तर तेथूनच परत फिरावे.

दुसरी पडताळणी नोंदीची आहे. सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की विम्याची मुदत दिसते. परंतु एवढ्यावर थांबू नये. एखादा भामटा टेम्पोचा क्रमांक टाकून वाहनप्रकार मात्र ‘दुचाकी’ निवडतो, दुचाकीचा हप्ता भरतो, आणि हाती आलेल्या पीडीएफमध्ये फेरफार करून मालकाकडून टेम्पोचे पैसे वसूल करतो. अशा वेळी पॉलिसी क्रमांक खरा आणि मुदतही चालू असते, फक्त विमा टेम्पोचा नसतो. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पॉलिसीची प्रत उतरवून घ्यावी आणि वाहनप्रकार, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक व भरलेला हप्ता या चार गोष्टी आरसी आणि हातातल्या कागदाशी ताडून पाहाव्यात. कागदावरचा क्यूआर कोडही स्कॅन करावा, मात्र तो कोणत्या संकेतस्थळावर नेतो याकडे लक्ष ठेवावे. पैसे एजंटच्या वैयक्तिक खात्यात न भरता कंपनीच्या नावेच भरावेत, कारण हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय ती जोखीम स्वीकारत नाही.

फसवणूक मालकाच्या बाजूनेही होते. गेल्या वर्षी क्लेम घेतलेला असताना तो लपवून नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी, 20 ते 50 टक्के सवलत घेतली, तर पुढचा क्लेम अडकतो. गॅरेजवाल्याने ‘जुना डेंटही यातच काढून देतो’ म्हटले, तरी कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही करू नये.

अपघात झाल्यावर चालक बदलून सांगण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. अज्ञात वाहनाने झालेल्या अपघातात काही महिन्यांनी विमा असलेली भलतीच गाडी घुसवण्याचे प्रकार इतके वाढले, की उत्तर प्रदेशात बनावट दाव्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत दावा न्यायाधिकरणाकडे (अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायालयाकडे) पाठवायचा असतो. नंतर गाडी किंवा चालक बदलायला त्यामुळे कमी वाव राहतो. म्हणून गाड्यांचे क्रमांक दिसतील अशी छायाचित्रे जागीच काढावीत आणि कंपनीला लगेच कळवावे.

पॉलिसी बनावट आढळल्यास कंपनीला लेखी कळवावे, पोलिसांत तक्रार द्यावी, आणि कंपनीने दाद न दिल्यास विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. खरी पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी जागची हलवू नये. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचेही संरक्षण घ्यायचे असेल, तर कंपनी आधी गाडीची तपासणी करील, त्यासाठी वेळ राखून ठेवावा.