पिट्सबर्गच्या चर्चमध्ये दोन उन्हाळे: फेलोशिप, व्हॉलंटियरिंग आणि व्हिसाची भानगड

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी करायला पिट्सबर्गला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात घराजवळच्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्चच्या बुलेटिनमध्ये वाचलं की पुढच्या रविवारी उपासनेनंतर खालच्या हॉलमध्ये फेलोशिप आहे. मला वाटलं समर फेलोशिपची माहिती देणार असतील, म्हणून रेझ्युमेच्या दोन कॉप्या प्रिंट करून घेऊन गेले. खाली बघते तर कॉफीचा मोठा थर्मास, डोनटचा खोका आणि गप्पा मारत बसलेल्या चार आज्या. फेलोशिप म्हणजे यांच्याकडे आधी हे, आणि पैसे मिळणारी ती फेलोशिप नंतर, हे तिथे कळलं. रेझ्युमे पर्समधून बाहेर काढलाच नाही, डोनट मात्र दोन खाल्ले.

पण खरं सांगू का, दीड वर्षाने मला फेलोशिप मिळाली ती त्या डोनटमुळेच. इथल्या बऱ्याच चर्चमध्ये ही जागा बाहेरच्या माणसाला सहसा देत नाहीत, सहा-आठ महिने जो येतोय, खुर्च्या उचलतोय, भांडी घासतोय त्याचंच नाव कुणीतरी पुढे करतं. म्हणून एप्रिलमध्ये घाईघाईने दहा ठिकाणी ईमेल टाकण्यापेक्षा सप्टेंबरपासून एकाच ठिकाणी जात राहा.

मी मूळची मिरजेची. आमच्याकडे वानलेस हॉस्पिटल आहे, डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, माझी आजी तिथे नर्स होती. त्यामुळे मला वाटायचं इथे मिरज म्हटलं की लोक कौतुकाने बघतील. कुणालाही काही माहीत नव्हतं. एका काकांनी विचारलं, मुंबईपासून किती मैल? बस, तेवढंच. पण पहिल्याच रविवारी प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि 'आमची ऋणे आम्हांस सोड' या जागी हे लोक इंग्लिशमध्येपण कर्ज, ऋण असाच शब्द म्हणतात हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं, बाकी बऱ्याच चर्चमध्ये तिथे अपराध अशा अर्थाचा शब्द असतो.

आता कामाचं बोलू. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत केली की व्हिसावर येतं. एक म्हणजे साधं व्हॉलंटियरिंग, फूड पॅन्ट्री म्हणजे गरजूंना फुकट धान्य वाटायची जागा, उन्हाळ्यातलं मुलांचं व्हीबीएस म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल, भाजीची बाग, यात पैसे नाहीत आणि चर्चचे मेंबरपण हेच काम फुकट करतात. दुसरी समर फेलोशिप किंवा इंटर्नशिप, साधारण आठ-दहा आठवडे, स्टायपेंड असतो, कधी राहायला कुणाच्या घरातली खोली मिळते. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी इथे कान टवकारा: स्टायपेंड म्हणजे नोकरीच धरतात, आणि फुकट खोली-जेवणसुद्धा मोबदल्यात येऊ शकतं. त्यासाठी सीपीटी, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून काम करायची परवानगी लागते, ती मिळायला साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं, काम तुमच्या कोर्सचा भाग असावं लागतं आणि सीपीटीची नोंद असलेला नवीन आय-२० (युनिव्हर्सिटी देते तो व्हिसाचा कागद) हातात आल्याशिवाय एक दिवसही काम सुरू करायचं नाही.

माझं पहिल्या वर्षी नेमकं इथेच फिसकटलं. मे महिन्यात चर्चने तोंडी हो म्हटलं, मी घरी फोन करून सांगूनही मोकळी झाले, आईने शेजारी पेढे वाटले, आणि मग युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये गेले तर बाई म्हणाल्या, एमएसडब्ल्यूचं फील्ड प्लेसमेंट म्हणून डिपार्टमेंटने मान्य केलं तरच, आणि ती तारीख तर मार्चमध्येच गेली. मी लगेच अक्कल चालवली, म्हटलं मग पैसे नकोत, तेच काम फुकट करते. तेही चालत नाही! जी जागा एरवी पैसे देऊन भरतात ती तुम्ही फुकट भरलीत तर ते व्हॉलंटियरिंग धरत नाहीत. मग तो उन्हाळा पॅन्ट्री आणि व्हीबीएसवर काढला, पुढच्या वर्षी जानेवारीतच ऑफर लेटर मागितलं ज्यात तारखा, आठवड्याचे तास, स्टायपेंड, सुपरव्हायझर कोण सगळं लिहिलेलं होतं, आणि ते डिपार्टमेंटकडे नेलं. आणि फुल टाइम सीपीटी एकूण १२ महिने झाला की त्याच डिग्रीच्या लेव्हलचा ओपीटी, म्हणजे मुख्यतः शिक्षणानंतर काम करायची परवानगी, जातो, तेव्हा हिशोब ठेवा.

लेटर लवकर मागायचं अजून एक कारण. प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळक एकटा काही ठरवत नाही. सभासदांनी निवडलेल्या एल्डर्सची कमिटी असते, तिला सेशन म्हणतात, पैशाचा विषय तिथे जातो आणि आमच्याकडे ती महिन्यातून एकदाच बसायची. पाळकबाईंनी हसून हो म्हटलं म्हणजे झालं असं समजू नका. (हो, पाळकबाई. पीसीयूएसए या मोठ्या शाखेच्या परंपरेत १९५६ पासून बायका पाळक होतायत. पण १९७३ मध्ये वेगळी झालेली पीसीए नावाची शाखा आहे तिथे नाही होत, आणि पाटीवर दोघांच्याही प्रेस्बिटेरियनच लिहिलेलं असतं. मुलींनी अर्ज करण्याआधी हे बघून घ्या.)

मुलांसोबत काम करायचं तर पेनसिल्व्हेनियात (पिट्सबर्गचं राज्य) क्लिअरन्स म्हणजे पार्श्वभूमी तपासल्याचे दाखले लागतात, एक स्टेट पोलिसांचा, एक बालअत्याचाराच्या नोंदींचा, हे दोन्ही व्हॉलंटियरला फुकट होतात. तिसरा एफबीआयचा, बोटांचे ठसे देऊन. जे सलग दहा वर्षं राज्यात राहिलेत त्या व्हॉलंटियर्सना यातून सूट मिळते, आपण कालपरवा आलेले, आपल्याला कुठली सूट! ठसे द्यायला जाताना पासपोर्ट न्या. मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांनाच करावं लागतं. शिवाय मुलांच्या खोलीत एकटं मोठं माणूस कधीच थांबायचं नाही, कायम दोघं. आपल्याकडे शेजारच्या पोराला पटकन उचलून घेतो, गालगुच्चा घेतो, ते इथे बंद.

व्हीबीएसला मी एक घोळ घातला. आईने पाठवलेली शेंगदाण्याची चिक्की कौतुकाने डब्यात भरून नेली, मुलांना भारतातला खाऊ दाखवू म्हणून. डबा उघडला आणि समोरच्या बाईंचा चेहराच पडला. माझ्या गटातल्या सहा वर्षांच्या एका मुलाच्या शर्टावर लाल स्टिकर होतं, शेंगदाण्याची ॲलर्जी, आणि मला वाटत होतं ते टीमचा रंग आहे. सुदैवाने डबा लगेच बंद केला, टेबल पुसलं, हात धुतले, काही झालं नाही. पण त्या दिवसानंतर मी सकाळी पहिल्यांदा साइन-इनचा कागद वाचायचे.

पॅन्ट्री मात्र मला मनापासून आवडली. पिट्सबर्गच्या दक्षिण भागात भूतानमधून आलेले नेपाळी भाषिक निर्वासित खूप आहेत. एका शनिवारी एक आजी आल्या, डोक्यावर शाल, हातात मॅकरोनी-चीजचा खोका धरून तो उलटासुलटा बघत होत्या. शेवटी माझ्याकडे देऊन म्हणाल्या, चामल? मी हिंदीत विचारलं, चावल? तर मान डोलावली आणि मग जी गाडी सुटली, अर्धी नेपाळी अर्धी सिनेमातली हिंदी, मसूर आहे का, हळद आहे का, हे पिवळं पीठ कसलं. मी त्या दिवशी कोऑर्डिनेटरला सांगितलं की इथे टिनच्या बीन्सपेक्षा तांदूळ आणि सुकी डाळ जास्त जाईल. दोन आठवड्यांनी तांदळाची पोती आली. पुढच्या वर्षी इंटरव्ह्यूत मला विचारलं, तू इथे काय केलंस, तर मी तांदूळच सांगितला.

ख्रिस्ती नसाल तरी पॅन्ट्रीत आमच्याकडे कुणी काही विचारत नव्हतं. माझी रूममेट कोथरूडची, घरी गणपती बसतो, ती वर्षभर आली. फेलोशिपला मात्र बहुतेक वेळा तुमच्या श्रद्धेबद्दल पानभर लिहून मागतात. तिथे खोटं लिहू नका, रविवारी चार शब्द बोलायची वेळ आली की उघडं पडतं.

मोठ्या जागापण आहेत. नॉर्थ कॅरोलिनातलं मॉन्ट्रीट, १८९७ पासूनचं डोंगरातलं कॉन्फरन्स सेंटर, उन्हाळ्यात तरुणांच्या परिषदा असतात आणि त्यासाठी समर स्टाफ घेतात. न्यू मेक्सिकोत घोस्ट रँच आहे, आर्थर पॅक यांनी १९५५ मध्ये चर्चला दिलेली २१ हजार एकर जमीन, लाल कडे, जॉर्जिया ओकीफ तिथे राहून चित्रं काढायच्या, आणि सीलोफायसिस डायनासोरचे सांगाडे तिथेच सापडले. निसर्ग हवा असेल तर अशा जागा बघा, पण काम बहुतेक किचन, खोल्या आवरणं, मुलं सांभाळणं असतं आणि व्हिसाचा नियम तोच. मी होते तेव्हा यंग अ‍ॅडल्ट व्हॉलंटियर म्हणून १९ ते ३० वयासाठी एक प्रोग्रॅम होता, तो जवळजवळ वर्षाचा, उन्हाळ्यापुरता नव्हता.

भारतातून थेट यायचं असेल तर जे-१ या एक्स्चेंज व्हिसाचा कॅम्प काउन्सेलर प्रकार असतो, वय किमान १८, जास्तीत जास्त चार महिने, आणि तो मान्यताप्राप्त स्पॉन्सरमार्फतच. अनोळखी चर्चचं फेलोशिप मिळाल्याचं ईमेल आलं, अर्ज न करताच, आणि व्हिसा फी पाठवा म्हणाले तर तो फ्रॉड आहे, डिलीट करा.

राहिली बस. रविवारी बसेस कमी, माझी तर तासाला एक होती आणि पावसात तीही उशिरा. राइड मागायला मी सुरुवातीला फार लाजायचे. मग एका ऐंशीच्या एल्डर आजोबांनीच विचारलं कुठे राहतेस, आणि ते दर रविवारी सव्वानऊला खाली गाडी लावून थांबायला लागले. परत येताना गाडीत पायरेट्स या इथल्या बेसबॉल टीमची मॅच लागलेली असायची, ते स्कोअर ऐकून मान हलवायचे आणि म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू.