ससा एक रात्रसुद्धा उपाशी काढू शकत नाही: या चुका टाळा

श्रावण लागला की मला फोन यायला लागतात आणि वाक्य दर वेळी तेच असतं, "ताई, ससा कालपासून काही खात नाहीये, बाकी बरा आहे." अहो, कालपासून खात नसलेला ससा बरा नसतोच. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर चालून जातं, सशाचं तसं नाही. मी इथे गुहागरला अकरा वर्षं ससे पाळतेय आणि त्याच त्या चुकांनी गेलेले ससे बघून आता खरंच जीव कळवळतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गवताला तोंडी लावण्यासारखं समजणं. गाजर, पोळी, बिस्किट, भिजवलेले चणे हे जेवण आणि गवत आपलं पिंजऱ्यात अंथरायला, असं बऱ्याच घरात चालतं. नेमकं उलटं हवं. सशाच्या खाण्यात 80-85 टक्के गवत पाहिजे, रोज जवळजवळ त्याच्या अंगाएवढा ढीग, आणि तो दिवसरात्र समोर असला पाहिजे. कारण असं की त्याच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक भली मोठी पिशवी असते, डॉक्टर तिला सीकम म्हणतात, आणि तिथे जिवाणू चारा आंबवून त्याचं अन्न करतात. गवताचा जाड चोथा आतडं हलतं ठेवतो. गोड किंवा पिठूळ काही गेलं की भलते जिवाणू माजतात, गॅस धरतो, आतडं मंदावतं, आणि सशाला उलटी करता येत नाही, म्हणजे पोटात गेलेलं वरून बाहेर यायचा रस्ताच नाही. दातही आयुष्यभर वाढत असतात, ते झिजतात गवत चावूनच. गाजराचा पाला खुशाल घाला, गाजर मात्र आठवड्यातून एकदोनदा अंगठ्याएवढं, केळं-आंबा-फणसाचंही तेच. पेलेट्स, म्हणजे विकतचं दाणेदार खाद्य, सशाच्या वजनाच्या किलोमागे रोज 20-25 ग्रॅम पुरे, आणि ते मका नि सूर्यफुलाच्या बियांचं रंगीत मिक्स आणूच नका, ससा त्यातलं गोड तेवढं निवडून खातो.

आता आपल्याकडची खास अडचण म्हणजे पावसाळा. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत कापून वाळवतात तेव्हाच मी माणसाला सांगून वर्षाच्या पेंढ्या घेऊन ठेवते, जूनमध्ये धावाधाव करून काही मिळत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की आतल्या आत घाम धरतो आणि पंधरा दिवसांत बुरशी, त्यामुळे गोणपाटात भरून माळ्यावर, खाली फळ्या टाकून, भिंतीपासून वीतभर लांब. रोज घालायच्या आधी मूठभर गवत नाकाशी धरते, कुबट वास आला की ती पेंढी सरळ खताच्या खड्ड्यात. "वरचं काढून खालचं घातलं तर चालेल ना?" नाही चालणार. भाताचा पेंढा बसायला अंथरा, पण नुसत्या त्याच्यावर ससा जगवू नका, त्यात सत्त्व फार कमी असतं.

हिरवं गवत पावसाळ्यात दारात मिळतं, हराळी तर उत्तमच, पण नुसत्या सुक्यावर असलेल्या सशाला एका दिवसात टोपलीभर कोवळं गवत घातलं की हागवण ठरलेली. आठदहा दिवस लावून थोडं थोडं वाढवा. मी सकाळी कापते, धुते, पडवीत जुन्या लुगड्यावर पसरते आणि पाणी निथळलं की घालते. ढीग करून ठेवलेलं आणि आतून गरम झालेलं गवत घालू नका. रस्त्याकडेचं आणि तणनाशक मारलेल्या आंबा-काजूच्या बागेतलं तर अजिबात नको. देवाला वाहिलेल्या हळदकुंकवाच्या दूर्वाही नकोत, लोक घालतात म्हणून सांगतेय.

दुसरी मोठी चूक, वाट बघणं. ही मी स्वतः केलीय. पाचसहा वर्षांपूर्वी गणपतीत घर मुंबईच्या पाहुण्यांनी भरलेलं, पोरं दिवसभर माझ्या चिंगी नावाच्या सशाला खोबरं, केळं, साखरफुटाणे, बिस्किटं घालत होती आणि मी स्वयंपाकात. रात्री ती कोपऱ्यात पाठ काढून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले आणि दात कराकरा वाजत होते. मला वाटलं झांजांना घाबरली असेल, सकाळी खाईल. सकाळी सुपलीत लेंड्या किती, तर सात. धडधाकट ससा दिवसाला दोनतीनशे टाकतो, त्या चांगल्या वाटाण्याएवढ्या असतात, या मिरीएवढ्या नि केसांनी एकमेकींना जोडलेल्या. कान गार, पोट ढोलासारखं ताठ. जवळच्या एका डॉक्टरांना फोन केला तर सुट्टी होती, साखरपाणी पाजा म्हणाले, आणि मी पाजलं, ते आणखी चुकीचं. मग खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळून चिपळूण, पंचेचाळीस किलोमीटर, भर पावसात. तिथल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, शेक दिला, कातडीखाली सलाईन, दुखणं थांबायचं इंजेक्शन. चौथ्या दिवशी पहाटे एक लेंडी पडली, छोटी, ओली, वाकडी. ती तळहातावर घेऊन मी किती वेळ तशीच बसले होते.

तेव्हापासून माझा दिवस सुपलीने सुरू होतो, चहा नंतर. लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या, केसांच्या माळेत आल्या की त्याच दिवशी फक्त गवत, पाणी आणि डॉक्टरांना फोन. दहाबारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील तर फोनही पुरेसा नाही, घेऊन निघा, रात्र असली तरी. वाटेत अंग गार पडू देऊ नका. सिरिंजने भरवायची घाई करू नका, पोट फुगलेलं असेल आणि आत काही अडकलं असेल तर भरवणं जिवावर बेततं, आधी डॉक्टरांना बघू दे. मला व्हिडिओ बघून घरी उपाय करणाऱ्यांचा राग येत नाही, भीती वाटते, कारण त्यात गेलेले तास परत मिळत नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात.

"सशाला पाणी पाजलं की मरतो." कुठून आलं हे कुणास ठाऊक. पाणी कायम हवं, जड मातीच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात, बाटलीतून ससे कमी पितात.

पहाटे ससा स्वतःच्या शेपटीखालून मऊ, काळपट, द्राक्षांच्या घडासारखं काही खाताना दिसला तर ओरडू नका. ते सीकममधून येतं, त्यात जीवनसत्त्वं नि प्रथिनं असतात, ते त्याला लागतं. रोज पिंजऱ्यात तसंच पडून राहत असेल तर मात्र गोडधोड नि पेलेट्स जास्त होतायत.

शेवगा, माठ, पालक रोज नको. सशाच्या अंगात खाण्यातलं कॅल्शियम भरपूर शोषलं जातं आणि जास्तीचं लघवीवाटे जातं, लघवी खडूच्या पाण्यासारखी दाट दिसायला लागते. लसूणघासही पिल्लांना ठीक, सहा महिन्यांनंतर बंद. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला आलटून पालटून घाला. अळू नाही.

बाजारात टोपलीत मिळणारं चार आठवड्यांचं पिल्लू घेऊ नका, आठ आठवड्यांपर्यंत आईपाशी राहू दे, आधी तोडलेल्या पिल्लाचं पोट फार नाजूक असतं.

आणि मेडिकलमधून लहान मुलांचं अँटिबायोटिक आणून तोंडावाटे देऊ नका. अमॉक्सिसिलीन, पेनिसिलीन पोटात गेलं की चांगले जिवाणू मरतात आणि ससा दोनतीन दिवसांत जाऊ शकतो. गुरांचे डॉक्टर असतील तर न लाजता विचारा, "हे सशाला तोंडावाटे चालतं ना?" चांगला डॉक्टर रागावत नाही, पुस्तक उघडून बघतो.